रांग सहा, जागा चौदा

मुआजच्या कबरीवर कोणीतरी रमीची जाहिरात टाकली होती.

खऱ्या कबरीवर नाही, पेजवर. पण हा फरक मिस्बाहला समजवायला कोणी गेलं असतं तर तिनं त्याला जिन्यावरून खाली ढकललं असतं. उंबरखारच्या कबरस्तानात बायका जात नाहीत. का नाही, हे विचारायचं नसतं. त्यामुळे मोठा भाऊ जाऊन पावणेदोन वर्षं झाली तरी त्याची कबर तिला माहीत होती ती एवढीच: मोबाईलवरचं एक पेज, वर ‘रांग सहा, जागा चौदा’, खाली ‘मरहूम मुआज बशीर फकी, वय एकवीस’, तारीख, आणि खाडीकडच्या भिंतीपासून फुटात माप. सकाळी उठल्या उठल्या ती ते पेज उघडायची, मनातल्या मनात फातिहा पढायची, मग दात घासायला जायची. त्या बुधवारी पेज उघडलं तर नावाच्या जागी नोटांच्या ढिगावर बसलेली बाई आणि ‘पहिल्या डावाला पाचशे फ्री’.

मिस्बाहचं डोकं फिरायला तसंही फार काही लागायचं नाही. अकरावी तिनं अर्ध्यात सोडली ती अशीच. मुआज तळोज्याच्या रस्त्यावर ट्रेलरखाली गेला, त्यानंतर पंधराव्या दिवशी वर्गात मॅडमनी हजेरीवरून टोमणा मारला, हिनं डस्टर उचलून फळ्यावर हाणला आणि दप्तर तिथंच सोडून घरी आली. परत गेलीच नाही. आता नावडे कॉलनीतल्या एका झेरॉक्सच्या दुकानात बसायची. लोकांचे ऑनलाईन फॉर्म भरायची, आणि फॉर्ममध्ये कोणी खोटी जन्मतारीख दिली तर चेहऱ्यावरून ओळखायची.

तोंड न धुताच ती जमातीच्या ऑफिसात गेली. ऑफिस म्हणजे मशिदीमागची एक खोली, त्यात एक कपाट, एक कॉम्प्युटर आणि तौहीद. तौहीद हा मुतवल्लींचा, म्हणजे जमातीच्या कारभाऱ्यांचा मुलगा, चोवीस-पंचवीसचा, जमातीचा क्लार्क. मय्यत झाली की खोदणाऱ्याला कळवायचं, जागा सांगायची, नोंद करायची, हे त्याचं काम. मिस्बाहनं मोबाईल त्याच्या नाकासमोर धरला. तौहीदनं कॉम्प्युटर चालू केला आणि दोघं बघत बसली. एक पेज नाही, सगळी पेजं. गावची विहीर, जुनी जेटी, मशीद, शाळा, आणि कबरस्तानातली एकूण एक जागा. सहाशेच्या वर पेजं, सगळीकडे तीच बाई नोटांवर बसलेली.

ही सगळी पेजं सादिकचाचांनी बनवलेली. सादिकचाचा दोह्यात कंपनीत आहेत. चार वर्षांपूर्वी लांब सुट्टीवर आले होते तेव्हा त्यांच्या डोक्यात आलं की गावची माहिती एका विकीवर चढवायची, म्हणजे अशी वेबसाईट, जिच्यावर गावातला कोणीही लिहील, कोणीही दुरुस्त करील, आणि आधी लिहिलेलं काहीच मरणार नाही, मागे थरावर थर साठून राहील. हसनचाचांना सोबत घेऊन त्यांनी सगळं कबरस्तान टेपनं मोजलं. हसनचाचा कबरी खोदायचे, त्यांच्या डोक्यात तीस वर्षांची मयतं ओळीनं होती. कबरी सगळ्या कच्च्या, वर नाव लिहायची पद्धत नाही. सात वर्षं झाली की तीच जागा परत वापरतात. जुन्याची हाडं निघाली तर त्याच कबरीत कोपऱ्यात छोटा खड्डा करून, अदबीनं ठेवून, वर नवीन माणूस. आणि पेजवर जुनं नाव काढून नवीन नाव. एका जागेला एक पेज, एका पेजला एक नाव.

मागच्या वर्षी उधाणाचं पाणी भिंतीवरून आत आलं आणि काही कबरी खचल्या. जमातीनं जेसीबी लावून सगळीकडे दोन फूट मुरूम टाकला. उशाला ठेवलेले दगड, कोणी लावलेली तुळशीची रोपं, सगळं काढून गेटजवळ ढीग केला. वरून आता नुसतं मैदान. त्याच साली हसनचाचा गेले. त्यानंतर कोण कुठे आहे हे दोनच ठिकाणी उरलं, वर अल्लाला आणि खाली विकीला.

“हाताने काढू एकेक,” तौहीद म्हणाला. “रोज वीस-पंचवीस.”

मिस्बाहनं त्याच्याकडे अशी नजर टाकली की त्यानं खुर्ची मागे घेतली.

हे झालं कसं, तेही तिनंच शोधलं. तौहीद म्हणत होता हॅकर, रशिया, काय काय. तिनं त्याचाच इन्स्टा उघडला. रमजानात इफ्तारीच्या पोरांचा ऑफिसात काढलेला ग्रुप फोटो होता. सगळे दात काढून उभे, आणि मागे नोटीस बोर्डावर कागद. तिनं फोटो मोठा केला. कागदावर तौहीदच्याच अक्षरात, मार्करनं, विकीचं नाव आणि पासवर्ड.

“रशिया,” ती म्हणाली. “रशियाचे हात फार लांब हायेत, नाय?”

पासवर्ड सगळ्यांचा एकच होता. सादिकचाचा चार वर्षं दर फोनला ओरडायचे की प्रत्येकानं आपलं आपलं खातं उघडा. कोणी उघडलं नाही. आळस होता, पण नुसता आळस नव्हता. उंबरखारात जमातीच्या कामावर स्वतःचं नाव लावत नाहीत. पाण्याची टाकी कोणी बांधली, मशिदीत पंखे कोणी दिले, कुठे पाटी नाही. नाव लावलं की दिखावा झाला, आणि दिखावा झाला की सवाब, म्हणजे पुण्य, गेलं, हे मुलांना शेंबूड पुसायच्या वयात शिकवतात. तर मग विकीवर तरी आपलं नाव कशाला? ‘जमात’ नावाचं एकच खातं. तौहीद त्याच्यातून लिहायचा, मास्तर त्याच्यातून लिहायचे, कोणाच्या घरी मूल झालं तर त्या घरचा माणूस त्याच्यातून लिहायचा. मुआजची नोंद दफनाच्या दुसऱ्या दिवशी तौहीदनं त्याच्यातूनच केली. नंतर भिंतीपासूनचं माप मिस्बाहनं त्यात जोडलं, तेही ह्याच खात्यातून. आता रमीवाले आले तेही ‘जमात’ म्हणूनच आले.

तिनं दोह्याला फोन लावला. सादिकचाचा ड्युटीवर होते, मागे मशीनचा आवाज. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की घाबरू नकोस, काही गेलेलं नाही, सगळं मागे आहे. दोन वर्षांपूर्वी पण असं झालं होतं, तेव्हा मी एक टूल बनवून ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ठेवलंय. ज्यानं घाण केली त्याचं नाव टाकायचं, टूल एकेक पेज आधीच्या रूपात आणून ठेवतं. शुक्रवारी मला सुट्टी आहे, मी बसतो.

“आज बुधवार हाय, चाचा.”

“दोन दिवसांनी काय होतं, बेटा?”

“तुमच्या भावाच्या कबरीवर ती बाई बसली असती तर शुक्रवार बघितला असता का तुमी?”

 सादिकचाचांनी टूलची चावी पाठवून दिली, आणि पाठवताना म्हणाले की बघून कर, मी हे असं मोठ्या कामाला कधी चालवलेलं नाही. हे शेवटचं वाक्य तिनं ऐकलं. ऐकलं म्हणजे कानावरून गेलं.

टूलमध्ये एकच रकाना होता, ‘कोणाचे बदल मागे घ्यायचे’. तिनं ‘जमात’ टाइप केलं. तौहीद मागे उभा होता, त्यालाही काही वाटलं नाही. दोघांच्या डोक्यात एकच: घाण ‘जमात’ नावानं झाली, तर ‘जमात’चा शेवटचा हात पुसायचा. तिनं बटण दाबलं.

पहिलं पेज विहिरीचं. बाई गेली, विहीर आली, १९०४ साली कोणी खोदली वगैरे, जसंच्या तसं. मग जेटी. मग मशीद. एकेका पेजला मिनिट-सव्वा मिनिट, नेट तसं स्लो. मिस्बाहनं पस्तीस पेजं एका जागी बसून बघितली, प्रत्येक उघडून, वरून खालपर्यंत वाचून. एक अक्षर चुकलेलं नव्हतं. ही पेजं सादिकचाचांनी लिहिल्यानंतर चार वर्षांत कोणी हात लावला नव्हता, म्हणून ती बरोबर येत होती. पण हे तिला तेव्हा कुठून कळणार? मालकाचा दुकानातून तिसरा फोन आला तेव्हा ती उठली. कबरस्तानाची पेजं यादीत सगळ्यात शेवटी होती. तौहीदला तिनं दम दिला की कॉम्प्युटर बंद केलास तर हात तोडीन, आणि नावड्याची रिक्षा पकडली.

संध्याकाळी घरी येऊन तिनं मुआजचं पेज उघडलं. बाई तिथंच होती. यादी अजून खाली पोचली नव्हती. अम्मी स्वयंपाक करत होती, तिनं विचारलं की काय बघतेस, तर मिस्बाहनं मोबाईल उलटा ठेवला. अम्मीला ती जाहिरात दिसू नये एवढीच तेव्हा तिची चिंता होती. सकाळपर्यंत होईल साफ, असा हिशेब करून ती झोपली.

सकाळी सात वाजता तिनं पेज उघडलं. बाई गेली होती.

‘रांग सहा, जागा चौदा. जुनी कबर. नाव माहीत नाही. पुन्हा वापरता येईल.’

तिला आधी वाटलं चुकून दुसरं पेज उघडलं. मागे जाऊन परत उघडलं. तेच. मग तिनं खाली जाऊन बदलांची यादी बघितली आणि सगळं एका ओळीत समजलं, जसं काच फुटल्यावर समजतं. टूल दिवस मोजत नव्हतं, हात मोजत होतं. शेवटी ‘जमात’नं लिहिलंय, त्याच्या आधी पण ‘जमात’नं, त्याच्याही आधी ‘जमात’नं, तर ते सगळं एकाच माणसाचं समजून टूल मागे मागे गेलं आणि जिथे दुसरं नाव सापडलं तिथे जाऊन थांबलं. दुसरं नाव म्हणजे सादिकचाचा. चार वर्षांपूर्वीचे. तेव्हा मुआज जिवंत होता, त्याला मिसरूड फुटत होती, आणि चौदा नंबरला कोणीतरी जुनं, बिननावाचं होतं.

चार वर्षांत गेलेलं एकही माणूस आता कबरस्तानात नव्हतं.

‘परत होईल’, हे तिला लगेच सुचलं, कारण मागे सगळं साठलेलं होतंच. ती चपला शोधत होती तेवढ्यात अम्मी बाहेरून आली, ओढणी डोक्यावर, हातात तस्बीची माळ. कुठे गेली होतीस, तर म्हणाली मुकादमांच्या घरी. अब्बासमियां मुकादम काल रात्री गेले, पहाटे फजरच्या नमाजानंतर मातीही झाली. मुलगा सौदीला जायचा होता म्हणून घाई केली. बरं झालं म्हाताऱ्याचं, अम्मी म्हणाली, बायकोच्या बाजूला जागा मिळाली, त्याची तेवढीच इच्छा होती.

“बायको कुठाय त्यांची?”

“म्हंजे?”

“अम्मी, कंच्या रांगेत?”

अम्मीला ते कुठून माहीत असणार. पण मिस्बाहला माहीत होतं. रोज सकाळी ते पेज उघडून उघडून तिला आजूबाजूची नावं पण पाठ झाली होती. बाराला एक लहान मूल. तेराला जुलेखाबी मुकादम.

ती धावली. गावातून कबरस्तानापर्यंत सात-आठ मिनिटांचा रस्ता, मध्ये मिठागराची जुनी बांधबंदिस्ती, आता तिथे कंटेनर उभे असतात. ड्रायव्हर लोक दात घासत बघत होते. गेटजवळ कोणी नव्हतं, माती देऊन सगळे घरी गेले होते. मिस्बाह गेटपाशी थांबली. सतरा वर्षांची सवय पायात होती, पाय आपोआप थांबले. मग तिनं गेट ढकललं आणि आत गेली.

नळाजवळ भैरू कुदळ धूत बसला होता. भैरू मूळचा साताऱ्याकडचा, तुर्भ्याच्या वस्तीत राहणारा, खणायची कामं करणारा. हसनचाचांचे शेवटचे सहा महिने त्यांच्या हाताखाली होता. गावातली पोरं कंपनीत नाहीतर दुबईत, कुदळ धरायला कोणी नाही, म्हणून जमातीनं त्यालाच ठेवला. तो उठून उभा राहिला.

“ताई, बायका आत येत न्हाईत न्हवं?”

ती त्याच्याकडे न बघता चालत राहिली. खाडीकडच्या भिंतीपासून अकरा फूट. टेपची गरजच पडली नाही. सगळं मैदान लालसर, कोरडं, आणि मध्ये एकच ओला उंचवटा, त्यावर गुलाबाच्या पाकळ्या आणि अर्ध्या जळलेल्या अगरबत्त्या. पावणेदोन वर्षं तिनं ही जागा रोज डोक्यात बघितली होती. डोक्यात तिथे एक झाड होतं. इथे झाड नव्हतं.

भैरू मागून आला, बऱ्याच अंतरावर थांबला.

“चौदाच का?” तिनं विचारलं.

“चौदाच. तौहीदभावनी रातीच मेसेज टाकला. सहा-चौदा, जुनी हाय, उकर.” त्यानं मोबाईल काढून दाखवला, पोलिसाला परवाना दाखवतात तसा. “का वं?”

“आत काय होतं?”

भैरूनं तिच्याकडे बघितलं. माणूस अडाणी होता पण बिनडोक नव्हता. त्याच्या हातातली कुदळ हळूच खाली गेली.

“जे असतंय त्येच,” तो म्हणाला. “मला वाटलं जुनं हाय मंजी कापड ऱ्हायलं नसंल. कापड हुतं थोडं. मनात आलं. पर मेसेजात जुनीच लिवलेली. चाचांनी शिकवल्यालं, तसंच समदं केलं ताई. हातानं केलं. कोन हुतं?”

तिनं सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. भैरूनं डोक्यावरचा रुमाल काढला. त्याला शिव्या घालायला ती आली होती, पण शिवी तोंडात येईना. ज्याला घालायची तो भैरू नव्हता. ती स्वतः होती, आणि स्वतःला शिवी घातली तर ऐकणार कोण?

ऑफिसात तौहीद डोकं धरून बसला होता, त्याला कोणीतरी आधीच सांगितलं असावं. तो म्हणाला की मुकादमांच्या मुलाचा रात्री फोन आला, आईच्या शेजारी जागा बघ. मी तेराच्या शेजारी बघितलं तर लिहिलेलं जुनी कबर. मुआजला मी खांदा दिला होता, गो. पण मला वाटलं तो भिंतीला लागून आहे. मुरूम टाकल्यापासून सगळं सारखंच दिसतं. त्याचे डोळे लाल होते. मिस्बाहनं आल्या आल्या खुर्चीला लाथ मारली, खुर्ची कपाटावर आपटली, आणि तेवढ्यावर तिची ताकद संपली.

मुतवल्लीसाहेब आले. सत्तरीचे, शांत माणूस. त्यांनी ओरडा केला नाही, ती कबरस्तानात गेली होती त्याबद्दल पण अवाक्षर काढलं नाही. त्यांनी एवढंच सांगितलं की उकरलेली कबर आता परत उकरायची नाही. तसं करता येत नाही. अब्बासमियांना काढून दुसरीकडे नेणं म्हणजे दोघांनाही त्रास. दोघं एकाच मातीत आहेत, अल्लाची मर्जी. आणि विकीवर नियमाप्रमाणे वरचं नाव.

“आणि खालच्याचं?” मिस्बाह म्हणाली.

“खालच्याचं आपण कधी लिहितो, बेटा?”

हे खरं होतं. कोणाचंच लिहीत नसत. बिननावाच्या त्या जुन्या माणसाचं पण मुआज आल्यावर कोणी लिहिलं नव्हतं. तेव्हा मिस्बाहला ते विचारावंसंही वाटलं नव्हतं.

दुपारपर्यंत तिनं बाकीची पेजं परत आणली. दोह्याहून सादिकचाचा फोनवर, ड्युटी सोडून बसलेले, ती इकडे. या वेळी तारीख टाकून, एकेक उघडून. जुलेखाबीच्या पलीकडचं मूल आलं, हसनचाचा आले, रांग दोनची रंगारी कुटुंबातली सून आली. चार वर्षांचे सगळे मेलेले एकेक करून आपापल्या जागी परत आले. फक्त चौदा राहिलं, तिथे तौहीदनं अब्बासमियांचं नाव चढवलं होतं. त्याच्या मागच्या थरात मुआज होता, पूर्ण, तारखेसकट, मापासकट. एक बटण दाबलं की वर येत होता. तिनं दाबलं. मुआज आला. दहा मिनिटांनी तौहीदचा फोन वाजला. मुकादमांचा मुलगा, विमानतळावरून. अब्बांचं पेज उघडलं तर दुसऱ्याचं नाव दिसतंय म्हणे. तौहीदनं फोन कानाला धरून मिस्बाहकडे बघितलं.  मिस्बाहनं उठून खुर्ची त्याला दिली आणि पाठ फिरवली. मागे टाइप केल्याचा आवाज ऐकू येत होता, एका बोटानं, थांबत थांबत.

घरी जाताना मोबाईलवर अब्बांचा मस्कतहून व्हॉइस मेसेज आला. अब्बा तिकडे टँकर चालवतात. मुआजच्या मातीला पोचू शकले नव्हते, त्यानंतर रजाही मिळाली नव्हती. ते पण ते पेज बघायचे हे तिला तेव्हा कळलं.

“मिस्बाह, पेजवर अब्बासमियांचं नाव येतंय गो. नेटचा काय प्रॉब्लेम हाय का? नवीन लिंक असंल तर पाठव.”

तिनं तो मेसेज तीनदा ऐकला. मग मोबाईल बंद करून चालत राहिली. निळ्या दोन टिक्या तिकडे उमटल्या असणार.

अम्मीला तिनं उभ्या उभ्या सांगितलं. बसली असती तर सांगता आलं नसतं. टूल, खातं, हे सगळं अम्मीला समजणार नव्हतं, तरी तिनं ते पण सांगितलं, की बटण मी दाबलं, सादिकचाचा थांब म्हणत होते, मी थांबले नाही. अम्मीचं नाव करिमुन्निसा, गावातल्या बायका तिला करीमा म्हणतात, आणि तिला मोठ्यानं रडताना गावानं कधी बघितलेलं नाही. मुआजच्या वेळीही नाही. तिनं मिस्बाहला मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं मारलं नाही. भिंतीला टेकून, पाय पोटाशी घेऊन बसली. 

“कुठल्या अंगाला ठेवलं त्याला?”

“काय?”

“कोपऱ्यात ठेवतात ना. डोक्याकडच्या का पायाकडच्या?” अम्मी हातानं जमिनीवर लांबट चौकोन काढत होती. “इकडे का इकडे? मी दुआ मागताना कुठे बघू?”

मिस्बाहनं हे विचारलंच नव्हतं. तिनं भैरूला फोन लावला. पहिल्या दोन वेळेला उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा मागे ब्रेकरची धडधड, तळोज्याच्या बाजूला कुठेतरी गटाराचं काम चालू होतं. तिनं विचारलं. त्यानं ओरडून परत विचारायला लावलं. तिनं परत विचारलं. ब्रेकर बंद झाला.

“ताई,” तो म्हणाला, “चाचा सांगायचं तसं एका कोपऱ्याला घेतलं. फडक्यात बांधून. पर अंधार हुता, ब्याटरी तोंडात धरल्याली, आन् वर बांग झाली, मंडळी येनार म्हनून घाई. कंचा कोपरा त्ये... खोटं सांगत न्हाय. ध्येनात न्हाय.”

“आठव.”

“आठवतोयच की सकाळधरनं.”

अम्मीचं बोट अजून फरशीवरच्या त्या चौकोनावर होतं. ती मिस्बाहच्या तोंडाकडे बघत होती, आणि मिस्बाहला माहीत होतं की आता ‘डोक्याकडे’ म्हटलं तरी चालेल, अम्मी मानेल, आयुष्यभर तिकडेच बघेल. शब्द तोंडात आलाही. पण एकदा जागा चुकीची सांगून झाली होती.

“त्याला माहीत नाय, अम्मी.”

अम्मीनं मान हलवली. दोनदा, तीनदा. हात ओढणीला पुसला. बाहेर नळाला पाणी आलं होतं, शेजारणीनं हाक मारली की करीमा, आलंय बघ, वीसच मिनिटं येतं. अम्मी भिंतीचा आधार घेऊन उठली आणि हंडा घेऊन बाहेर गेली.